क्रेनियल नर्व्ह शिकायच्या तर यादी बाजूला ठेवा, कवटी हातात घ्या

पहिल्या वर्षाला असताना बारा क्रेनियल नर्व्हची, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हच्या बारा जोड्यांची नावं मी दोन दिवसांत घोकून टाकली होती. सुलट, उलट, झोपेतून उठवून विचारलं तरी. मग तोंडी परीक्षा आली. परीक्षकांनी पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीवर चिमटा टेकवला आणि विचारलं, "हिच्या पोटातून कोणती नर्व्ह जाते?" मी म्हणालो, "फेशियल, सर." "बरं, मग हिला लाळ सोडायला कोण सांगतं?" मी त्याच आत्मविश्वासाने म्हणालो, "फेशियल, सर." ते फक्त हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

बरोबर उत्तर ग्लॉसोफॅरिन्जियल, म्हणजे नववी. फेशियल नर्व्ह, म्हणजे सातवी, त्या ग्रंथीतून जाते, तिथेच पाच फांद्यांत फुटते, पण ग्रंथीला काहीही देत नाही. नववीचे तंतू मात्र मधल्या कानातून वर चढतात, कवटीत शिरतात, पुन्हा बाहेर पडतात आणि पाचव्या नर्व्हच्या एका फांदीला धरून ग्रंथीपर्यंत पोचतात. यादी कितीही पक्की असली तरी हा प्रवास तिच्यातून कळत नाही.

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट धरून चाललो आणि नवीन मुलांनाही तीच सांगतो: नर्व्ह म्हणजे रस्ता, तंतू म्हणजे प्रवासी. रस्त्याला एक नाव असतं, पण त्यावरून जाणारे सगळे त्याच गावचे नसतात. हे एकदा डोक्यात बसलं की क्रेनियल नर्व्हमधला निम्मा गोंधळ संपतो.

सुरुवातीलाच शब्दांबद्दल एक सूचना. बोलताना आपण "नस" म्हणतो, पण "नस दबली" म्हणताना तीच मज्जातंतू असते आणि "हाताची नस फुगली" म्हणताना तीच रक्तवाहिनी. अ‍ॅनाटॉमी शिकताना हा शब्द घराबाहेर ठेवलेला बरा. शाळेच्या पुस्तकातलं "चेता" नेमकं आहे, पण विच्छेदनाच्या टेबलाभोवती सगळे "नर्व्ह"च म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

पायरी 1: आधी भोकं, मग नर्व्ह

वरची टोपी काढलेली कवटी समोर ठेवा. आतला तळ तीन टप्प्यांनी खाली उतरतो. पुढचा खड्डा सर्वांत उंच, मधला त्याच्या खाली, मागचा सर्वांत खोल. आता नर्व्ह कुठून बाहेर पडतात ते बघा: पुढच्या खड्ड्यातून फक्त पहिली, मधल्यातून दुसरी ते सहावी, मागच्यातून सातवी ते बारावी. समोरून मागे जाताना आकडे ओळीने वाढतात. हे क्रमांक 1778 मध्ये सोमरिंग या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने दिले. त्याच्या बऱ्याच आधी, गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या काळापासून शतकानुशतकं, सातच जोड्या मोजायची पद्धत होती.

पुढच्या खड्ड्यात मध्यभागी चाळणीसारखी हाडाची पट्टी दिसेल. ती क्रिब्रिफॉर्म प्लेट. ऑल्फॅक्टरी, म्हणजे वासाची पहिली नर्व्ह, ही एक जाड दोरी नसून नाकाच्या छतातून वर येणाऱ्या बारीक धाग्यांचा जुडगा आहे, म्हणून तिला एक भोक नाही, चाळण आहे. डोक्याला जोरात मार बसून मेंदू हलला तर हे धागे चाळणीतच तुटतात आणि माणसाचा वास जातो.

मधल्या खड्ड्यात दोन्ही बाजूंना मन लावून बघा. सर्वांत पुढे ऑप्टिक कॅनाल: दुसरी नर्व्ह आणि तिच्यासोबत ऑफ्थॅल्मिक धमनी. त्याच्या बाहेरच्या बाजूला एक तिरकी फट, सुपिरियर ऑर्बिटल फिशर: तिसरी, चौथी, सहावी आणि पाचवीची पहिली फांदी. तिथून मागे, चंद्रकोरीसारख्या ओळीत तीन भोकं: रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम. रोटंडममधून पाचवीची दुसरी फांदी, ओव्हेलमधून तिसरी. स्पायनोसममधून मुख्यतः मिडल मेनिंजियल धमनी जाते.

इथे हात वापरा. मऊ प्लॅस्टिकची बारीक काडी ओव्हेलमध्ये घातली की ती सरळ कवटीच्या खालून बाहेर येते. रोटंडममध्ये घाला, ती खाली येत नाही, पुढे जाते. कवटी उलटी करून रोटंडम शोधणाऱ्यांनी अर्धा तास घालवलेला मी पाहिलाय. ते खालून दिसतच नाही, कारण ते वरच्या जबड्याच्या हाडामागच्या टेरिगोपॅलाटाइन पोकळीत उघडतं. काडीने पाहिलेली ही एक गोष्ट पुढे दुसऱ्या फांदीचा अख्खा नकाशा समजावून देते.

मागच्या खड्ड्यात तीनच ठिकाणं लक्षात ठेवायची. वर आतल्या कानाकडे जाणारा इंटर्नल अकाउस्टिक मिएटस: सातवी आणि आठवी. त्याच्या खाली वेडंवाकडं मोठं भोक, जुग्युलर फोरामेन: नववी, दहावी, अकरावी. आणि मधल्या मोठ्या भोकाच्या, म्हणजे फोरामेन मॅग्नमच्या कडेला लपलेला हायपोग्लॉसल कॅनाल: बारावी.

पायरी 2: ब्रेनस्टेमवर आकडे मांडा

आता दुसरं टोक. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ; त्याचे वरून खाली तीन भाग, मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला. त्याचं चित्र स्वतः काढा, छापील चित्रावर रेघा मारू नका. हिशेब चाराचा आहे. मेड्युलातून शेवटच्या चार (9 ते 12), पॉन्सच्या भागातून मधल्या चार (5 ते 8), पॉन्सच्या वर पहिल्या चार. या वरच्या चारांतल्या तिसरी आणि चौथीच मिडब्रेनच्या. पहिल्या दोन तर ब्रेनस्टेमला जोडलेल्याच नाहीत. खरं म्हणजे त्या मेंदूचाच पुढे आलेला भाग आहेत. ऑप्टिक नर्व्हवर मेंदूची आवरणं तशीच चढलेली असतात, म्हणून कवटीतला दाब वाढला की नेत्रतज्ज्ञाला तो डोळ्याच्या आत बघून कळतो.

दुसरा हिशेब मला जास्त आवडतो. 12 ला पूर्ण भाग जाणारे आकडे घ्या: 3, 4, 6 आणि 12. या चारही नर्व्हची मोटर, म्हणजे हालचालीची, केंद्रं मध्यरेषेजवळ असतात. 1 आणि 2 यात धरायच्या नाहीत. 5, 7, 9, 11 यांची केंद्रं बाजूला सरकलेली. पुढे न्यूरॉलॉजी शिकताना पक्षाघाताची जागा ओळखायला हा आकड्यांचा योगायोग फार कामाला येतो.

निघण्याच्या जागांत पॉन्स आणि मेड्युलाच्या सांध्यावरची ओळ महत्त्वाची: मध्यापासून बाहेर सहावी, सातवी, आठवी. मेड्युलावर ऑलिव्ह नावाचा फुगवटा आहे. बारावी त्याच्या पुढून, नववी, दहावी, अकरावी त्याच्या मागून.

एक अपवाद मात्र ठळक करा. चौथी, ट्रॉक्लियर, ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी एकमेव नर्व्ह. ती सर्वांत बारीक, निघायच्या आधीच विरुद्ध बाजूला ओलांडून जाणारी आणि कवटीच्या आत सर्वांत लांब वळसा घालणारी. एवढ्या कष्टानंतर ती सांभाळते किती स्नायू? एक.

पायरी 3: प्रत्येकीचा माल विचारा

प्रत्येक नर्व्हला विचारायचं: तू काय वाहतेस? फक्त संवेदना: 1, 2, 8. मुख्यतः हालचाल: 3, 4, 6, 11, 12. दोन्ही: 5, 7, 9, 10. ग्रंथींना आणि बाहुलीला आज्ञा देणारे पॅरासिम्पथेटिक तंतू चारच नर्व्हमधून निघतात: 3, 7, 9, 10. हे चार आकडे आत्ताच वहीच्या कोपऱ्यात लिहा, पायरी 7 ला लागतील.

दोन्ही माल वाहणाऱ्या चार नर्व्ह अशाच का, याचं उत्तर गर्भात आहे. गर्भाच्या मानेच्या भागात फॅरिन्जियल आर्च नावाच्या कमानी तयार होतात आणि प्रत्येक कमानीला एक नर्व्ह मिळते. पहिलीला पाचवी, दुसरीला सातवी, तिसरीला नववी, चौथी आणि सहावीला दहावी. स्नायू पुढे कुठेही सरकला तरी तो आपली नर्व्ह सोडत नाही. चावण्याचे स्नायू पहिल्या कमानीचे म्हणून पाचवीचे, चेहऱ्याच्या हावभावाचे दुसरीचे म्हणून सातवीचे. डायगॅस्ट्रिक या एकाच स्नायूच्या दोन पोटांना दोन वेगळ्या नर्व्ह का, हा प्रश्न इथेच सुटतो: पुढचं पोट पहिल्या कमानीचं, मागचं दुसरीचं.

पायरी 4: डोळ्याच्या तीन, झटपट

डोळा फिरवणाऱ्या स्नायूंपैकी चौथी सुपिरियर ऑब्लिकला, सहावी लॅटरल रेक्टसला, बाकी सगळं तिसरीला. तिसरी डोळ्याच्या खोबणीत शिरताना दोन भागांत विभागते. वरचा भाग सुपिरियर रेक्टस आणि पापणी उचलणारा स्नायू घेतो, खालचा भाग मीडियल रेक्टस, इन्फिरियर रेक्टस आणि इन्फिरियर ऑब्लिक. बाहुली लहान करणारे तंतू या खालच्या भागातून जातात. ते नर्व्हच्या पृष्ठभागावर असल्याने बाहेरून धमनीच्या फुग्याचा दाब आला तर आधी तेच सापडतात आणि बाहुली मोठी होते.

चौथी बिघडली की माणसाला जिना उतरताना आणि वाचताना दोन-दोन दिसतं, आणि तो नकळत मान निरोगी बाजूला कलती ठेवतो. सहावी कवटीच्या तळावर चढत, कानाजवळच्या टेम्पोरल हाडाच्या टोकावरून वळत जाते. कवटीतला दाब कुठूनही वाढला तरी ताण तिच्यावर येतो. म्हणून सहावी बिघडलेली दिसली तरी दुखणं सहावीच्या शेजारीच असेल असं धरू नका.

तिघींची भेट कॅव्हर्नस सायनस या कवटीच्या तळावरच्या, शिरेच्या रक्ताने भरलेल्या पोकळीत होते. तिथल्या बाहेरच्या भिंतीत वरून खाली तिसरी, चौथी, पाचवीची पहिली आणि दुसरी फांदी. सहावी मात्र भिंतीत नाही, आत, कॅरोटिड धमनीला चिकटून. हे चित्र दहा वेळा काढा. मी त्याला कंटाळून टाळलं होतं आणि नंतर प्रत्येक विषयात ते पुन्हा समोर आलं.

पायरी 5: ट्रायजेमिनल, म्हणजे चेहऱ्याचा मुख्य रस्ता

पाचवीला वेळ द्या. क्रेनियल नर्व्हसाठी तुमच्याकडे दहा दिवस असतील तर चार तिला.

पॉन्सच्या बाजूने ती दोन मुळांनी निघते, मोठं संवेदनेचं आणि लहान हालचालीचं. टेम्पोरल हाडाच्या टोकावरच्या खळग्यात तिचं गँग्लियन, म्हणजे चेतापेशींचा गोळा, बसतं आणि तिथून तीन फांद्या निघतात. हालचालीचं मूळ गँग्लियनच्या खालून सरकतं आणि फक्त तिसऱ्या फांदीला मिळतं. म्हणून पहिल्या दोन निव्वळ संवेदनेच्या.

पहिली, ऑफ्थॅल्मिक. हिच्या तीन फांद्या: लॅक्रिमल बाहेरच्या बाजूला, फ्रंटल छताखाली, नेझोसिलिअरी आतल्या बाजूला. फ्रंटल कपाळावर सुप्राऑर्बिटल आणि सुप्राट्रॉक्लियर होऊन वर चढते, थेट डोक्याच्या माथ्यापर्यंत. नेझोसिलिअरी बुबुळाला संवेदना देते आणि तिचीच एक लेक नाकाच्या शेंड्यावर उतरते. म्हणून नागिणीचे फोड नाकाच्या शेंड्यावर आले की डॉक्टर सावध होतात, कारण त्याच रस्त्याने डोळाही सापडू शकतो. एवढीशी अ‍ॅनाटॉमी आणि तिच्यावर दृष्टी वाचते.

दुसरी, मॅक्सिलरी. काडीने पाहिलंत तसं ती रोटंडममधून पुढे टेरिगोपॅलाटाइन पोकळीत येते. तिथून झायगोमॅटिक गालाच्या हाडाकडे, पोस्टिरियर सुपिरियर अल्व्हिओलर वरच्या दाढांकडे, आणि मुख्य रस्ता डोळ्याच्या खोबणीच्या फरशीखालून इन्फ्राऑर्बिटल म्हणून गालावर. वाटेत तीच वरच्या पुढच्या दातांनाही फांद्या देते. टाळूकडे जाणाऱ्या फांद्या पोकळीतल्या गँग्लियनमधून जातात, पण त्या तिथे थांबत नाहीत. त्यांच्यासाठी ते गँग्लियन म्हणजे न उतरता ओलांडलेलं स्टेशन.

तिसरी, मँडिब्युलर, सर्वांत मोठी. ओव्हेलमधून बाहेर पडताच छोटं खोड, मग पुढचा आणि मागचा भाग. पुढच्या भागात सगळ्या हालचालीच्या फांद्या (मॅसेटर, टेम्पोरॅलिस, लॅटरल टेरिगॉइड), फक्त बक्कल संवेदनेची. मागच्या भागात नेमकं उलट: ऑरिक्युलोटेम्पोरल, लिंग्वल, इन्फिरियर अल्व्हिओलर. सगळ्या संवेदनेच्या, फक्त मायलोहायॉइड स्नायूकडे जाणारी बारीक फांदी हालचालीची. "पुढचा भाग हालचालीचा, एक अपवाद, मागचा संवेदनेचा, एक अपवाद" एवढं म्हटलं की पुरे. मीडियल टेरिगॉइडची फांदी खोडावरच निघते.

तिसरीच्या स्नायूंचा हिशेब चार अधिक चार. चावण्याचे चार: मॅसेटर, टेम्पोरॅलिस, दोन टेरिगॉइड. जोडीला मायलोहायॉइड, डायगॅस्ट्रिकचं पुढचं पोट, आणि दोन "टेन्सर": कानातला टेन्सर टिम्पनाय आणि टाळूचा टेन्सर व्हेलाय पॅलाटिनाय. मऊ टाळूचे बाकीचे सगळे स्नायू व्हेगसचे, म्हणजे दहावीचे. हा एक टेन्सरच पाचवीचा, आणि परीक्षेत तो हमखास विचारतात.

मागच्या भागातल्या तीन फांद्या विच्छेदनात गोंधळात टाकतात. ऑरिक्युलोटेम्पोरल मिडल मेनिंजियल धमनीला दोन मुळांनी कवेत घेते. ते फास्यासारखं दिसलं की ती ओळखली. लिंग्वल आणि इन्फिरियर अल्व्हिओलर जबड्याच्या आतून शेजारी-शेजारी उतरतात. मागची, बाहेरची, जी जबड्याच्या भोकात शिरते ती अल्व्हिओलर. पुढची, जी हाडात न शिरता जिभेकडे जाते ती लिंग्वल. मी एकदा यांची अदलाबदल करून अख्ख्या गटाला शिकवलं होतं. खालच्या दाढेसाठी दंतवैद्य तिथेच भूल देतात: ओठ बधिर होतो तो अल्व्हिओलरची मेंटल फांदी झोपल्यामुळे, आणि अर्धी जीभ बधिर होते ती शेजारची लिंग्वलही झोपल्यामुळे.

चेहऱ्यावर हद्द आखताना एक चूक सगळे करतात. जबड्याच्या कोपऱ्यावरची कातडी पाचवीची नाही. तिथे मानेतून वर आलेली ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह असते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या सर्व्हायकल नर्व्हची. कुणी "अख्खा अर्धा चेहरा बधिर" म्हणत असेल तर हा कोपरा आवर्जून तपासतात.

पायरी 6: फेशियल, जिना उतरावा तशी

सातवी शिकायला मी जिन्याची पद्धत वापरतो. ती इंटर्नल अकाउस्टिक मिएटसमध्ये शिरते, हाडातल्या अरुंद बोगद्यातून जेनिक्युलेट गँग्लियनपाशी वळते, मधल्या कानाच्या भिंतीतून मागे जाते आणि खाली उतरून स्टायलोमॅस्टॉइड फोरामेनमधून बाहेर पडते. प्रत्येक मजल्यावर ती काहीतरी देऊन पुढे जाते. जेनिक्युलेटला ग्रेटर पेट्रोसल निघते, अश्रूंसाठी. त्याखाली स्टेपिडियस या इवल्याशा स्नायूची फांदी, जो मोठा आवाज सौम्य करतो. बाहेर पडायच्या थोडं आधी कॉर्डा टिम्पनाय, जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश चवीसाठी आणि खालच्या लाळग्रंथींसाठी. बाहेर पडल्यावर पोस्टिरियर ऑरिक्युलर, डायगॅस्ट्रिकचं मागचं पोट, स्टायलोहायॉइड, आणि मग पॅरोटिडमध्ये पाच फांद्या.

आता जिना उलटा वाचा. तोंड वाकडं झालंय, पण चव शाबूत आहे? इजा कॉर्डा निघाल्यानंतर, खालच्या मजल्यावर. चव गेली, आवाज टोचतात, पण अश्रू येतात? मधल्या मजल्यावर. डोळाही कोरडा? गँग्लियनपाशी किंवा त्याच्या वर. प्रत्यक्ष रुग्णात उत्तर एवढं स्वच्छ नेहमी मिळत नाही, पण शिकायला यापेक्षा चांगलं कोडं नाही.

पाच फांद्यांसाठी हात पुरतो. डावा तळहात डाव्या कानावर ठेवा, बोटं पुढे पसरून. अंगठा वर जातो ती टेम्पोरल, तर्जनी झायगोमॅटिक, मधलं बोट बक्कल, अनामिका जबड्याच्या कडेने मार्जिनल मँडिब्युलर, करंगळी मानेवर सर्व्हायकल. जबड्याखालची शस्त्रक्रिया करताना सर्जन हाडाच्या कडेला चिकटून छेद घेत नाहीत, दोन बोटं खाली घेतात, ते अनामिकेच्या या फांदीसाठी. ती कापली तर ओठाचा कोपरा कायमचा उतरतो. बक्कल हे नाव इथे दुसऱ्यांदा आलं, हे ध्यानात घ्या: पाचवीची बक्कल गालाला संवेदना देते, सातवीची गालाचा स्नायू हलवते. नाव एक, घराणी दोन.

डोळ्याच्या पापणीसाठी एक जुनी खूण आहे. तिसरी रोमन आकड्यात खांबांसारखी दिसते, ती डोळा उघडा धरते. सात हा आकडा हुकासारखा वाकलेला, तो पापणी खाली ओढतो. डोळा उघडत नसेल तर तिसरीकडे बघा, मिटत नसेल तर सातवीकडे.

आणि कपाळ. कपाळाच्या स्नायूंच्या केंद्राला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात. म्हणून मेंदूतल्या पक्षाघातात तोंडाचा कोपरा उतरला तरी कपाळाला आठ्या पडतात. चार्ल्स बेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेल्स पाल्सीत मात्र नर्व्हच बिघडलेली असते, तेव्हा कपाळही सपाट. चेहरा वाकडा झालेला कुणी दिसला तर तुम्ही शिकाऊ आहात हे विसरू नका. कपाळ बघून घरी निदान करू नका, त्या माणसाला ताबडतोब रुग्णालयात न्या.

पायरी 7: प्रवासी आणि त्यांची चार स्टेशनं

वहीच्या कोपऱ्यातले चार आकडे आता काढा. दहावीचे तंतू छाती-पोटात जातात, त्यांना सोडा. उरल्या 3, 7, 9. त्यांचे पॅरासिम्पथेटिक तंतू डोक्यात चार गँग्लियनपाशी उतरतात, गाडी बदलतात आणि पुढचा प्रवास बहुतेक वेळा पाचवीच्या फांदीवरून करतात. पाचवीचं स्वतःचं असं पॅरासिम्पथेटिक काहीच नाही. ती फक्त रस्ता देते, आणि तो सगळ्यांना देते.

तिसरीचे प्रवासी सिलिअरी गँग्लियनला उतरतात आणि शॉर्ट सिलिअरी नर्व्हने बाहुलीकडे जातात. सातवीचे दोन गट. ग्रेटर पेट्रोसलचा गट टेरिगोपॅलाटाइन गँग्लियनला उतरून नाक आणि टाळूच्या ग्रंथींकडे, तसंच पाचवीच्या फांद्या धरून अश्रुग्रंथीकडे. कॉर्डा टिम्पनायचा गट कानाच्या पडद्याच्या आतून, मॅलियस आणि इन्कस या हाडांच्या मधून जातो, लिंग्वल नर्व्हला येऊन मिळतो आणि सबमँडिब्युलर गँग्लियनला उतरतो. म्हणजे लिंग्वल नर्व्ह कापली तर जिभेचा स्पर्श पाचवीचा जातो आणि चव सातवीची. एका रस्त्यावर दोघींचे प्रवासी होते.

आणि नववी, माझी परीक्षा बुडवणारी. तिची टिम्पॅनिक फांदी मधल्या कानात शिरते, तिथे जाळं विणते, त्यातून लेसर पेट्रोसल निघून कवटीत येते, ओव्हेलमधून खाली उतरते आणि लगेच खालच्या ओटिक गँग्लियनला गाडी बदलते. पुढे ऑरिक्युलोटेम्पोरलवर बसून पॅरोटिडला. पॅरोटिडच्या शस्त्रक्रियेत या तंतूंची टोकं तुटली आणि वाढताना चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जोडली गेली, तर रुग्णाला जेवताना गालावर घाम येतो. लुचा फ्राय या पोलिश डॉक्टरने 1923 मध्ये त्याचं वर्णन केलं. रस्ता आणि प्रवासी वेगळे असतात याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

पायरी 8: मानेकडे उतरणाऱ्या चार

नववीचं बाकीचं काम थोडं आहे. एकच स्नायू, स्टायलोफॅरिंजियस. जिभेच्या मागच्या एक तृतीयांशाची चव आणि स्पर्श दोन्ही, टॉन्सिल, घसा, आणि कॅरोटिड सायनसकडून रक्तदाबाची खबर.

व्हेगस या लॅटिन शब्दाचा अर्थच भटका. ती कवटीपासून मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणापर्यंत जाते. कान साफ करताना खोकला येतो ना? तिची ऑरिक्युलर फांदी कानाच्या नळीत असते, म्हणून. मानेत सुपिरियर लॅरिन्जियल फांदी दोन होते: आतली स्वरयंत्राच्या वरच्या भागाला संवेदना देते, बाहेरची क्रिकोथायरॉइड स्नायूला. स्वरयंत्राचे बाकी सगळे स्नायू रिकरंट लॅरिन्जियलचे. ही उजवीकडे सबक्लेव्हियन धमनीखालून वळते आणि डावीकडे थेट छातीत जाऊन महाधमनीच्या कमानीखालून. गर्भात हृदय खाली सरकताना धमन्यांनी तिला सोबत ओढलेलं असतं. त्यामुळे डाव्या फुप्फुसाजवळच्या गाठीचं पहिलं लक्षण बसलेला आवाज असू शकतो. जिराफात ही नर्व्ह मेंदूपासून छातीपर्यंत आणि परत घशापर्यंत कित्येक मीटर धावते, तीही काही सेंटिमीटरवरच्या स्वरयंत्रासाठी.

अकरावीचा प्रवास विचित्र. मानेतल्या मज्जारज्जूतून सुरू होते, फोरामेन मॅग्नममधून कवटीत चढते आणि जुग्युलर फोरामेनमधून पुन्हा बाहेर. स्टर्नोक्लिडोमॅस्टॉइड आणि ट्रॅपेझियस हे दोन स्नायू. पहिला मान विरुद्ध बाजूला वळवतो, म्हणून उजवी नर्व्ह तपासायची तर मान डावीकडे वळवायला सांगायची.

बारावी जिभेचे सगळे स्नायू हलवते, पॅलाटोग्लॉसस सोडून. तो व्हेगसचा. हिच्याही पाठीवर एक पाहुणा आहे: पहिल्या सर्व्हायकल नर्व्हचे तंतू काही अंतर हिच्याबरोबर येतात आणि मग मानेतल्या अ‍ॅन्सा सर्व्हायकॅलिस या नर्व्हच्या फासाकडे वळतात.

पायरी 9: आता मित्राला समोर बसवा

नकाशा डोक्यात राहायला तपासणी हवी. डोळे मिटून एकेका नाकपुडीने साबण किंवा कॉफी ओळखायला सांगा. अमोनियासारखं झोंबणारं काही देऊ नका, ते पाचवीला जाणवतं आणि पहिली शाबूत असल्याचा भास होतो. बाहुलीवर प्रकाश टाका: बातमी दुसरीने जाते, उत्तर तिसरीने येतं. कापसाने कपाळ, गाल, हनुवटी शिवा, दात चावून धरायला लावा, भुवया उंचवायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला सांगा. बोटं कानाजवळ चोळा, आठवीसाठी.

मग तोंड उघडून "आ" म्हणायला लावा. इथे दोन नियम उलट आहेत आणि सगळे फसतात. पडजीभ निरोगी बाजूकडे ओढली जाते, कारण निरोगी स्नायू टाळूला आपल्याकडे खेचतो. बाहेर काढलेली जीभ आजारी बाजूकडे जाते, कारण निरोगी स्नायू तिला पलीकडे ढकलतो. एक खेचतो, एक ढकलतो. कारण समजलं की पाठ करावं लागत नाही.

शेवटी एक सराव. कोरा कागद घ्या आणि पेन्सिल न उचलता, पॉन्सपासून सबमँडिब्युलर ग्रंथीपर्यंत एका तंतूचा अख्खा प्रवास काढा, वाटेत प्रत्येक भोक आणि प्रत्येक गाडीबदल लिहीत. बहुतेकांची पेन्सिल कान संपल्यावर अडते: कॉर्डा टिम्पनाय हाडातून बाहेर पडते कुठून? तिथे अडलात तर पुस्तक उघडू नका. कवटी उलटी करा, जबड्याच्या सांध्याच्या खळग्यात, कानाच्या नळीच्या जरा पुढे नखाने चाचपा. केसाएवढी जी फट लागेल ती पेट्रोटिम्पॅनिक फिशर.